कबऱ्या बैलानं खाल्लेली मतं

यवतमाळला कशाला गेला होतात, असं मला पुण्यात ज्यानं त्यानं विचारलं. मी प्रत्येकाला खरं तेच सांगितलं आणि एकानंही विश्वास ठेवला नाही. शेजारच्या वहिनी तर म्हणाल्या की सांगायचं नसेल तर नका सांगू, पण बैलाच्या थापा नका मारू. म्हणून आता सगळं ओळीनं लिहूनच काढते. ज्यांना पटायचं त्यांना पटेल.

मी एका इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात सिस्टर आहे. डोक्याला मार लागलेले आणि पाठीचा कणा मोडलेले रोगी आमच्याकडे येतात. वीस वर्षं झाली मला. तोंडानं मी फटकळ आहे हे वॉर्डातल्या खाटांनाही ठाऊक आहे. तर त्या साली सरकारातून विचारणा आली की, मेंदू आणि कण्याच्या दुखापतींवर संशोधन करायचं झालं तर आधी कशावर करावं, त्याची क्रमवार यादी पाठवा. आठ डॉक्टर टेबलाभोवती बसले. प्रत्येकाचं म्हणणं एकच, माझा विषय पहिला. चार बैठका झाल्या, चहाच्या किटल्यांवर किटल्या रिकाम्या झाल्या, पण कागदावर एक ओळ उतरेना. शेवटी आमचे मोठे डॉक्टर वैतागून म्हणाले, "ज्यांचं मोडलंय त्यांनाच जाऊन विचारा." बाकीच्या सातांना हा विनोद वाटला. मोठ्या डॉक्टरांना विनोद करता येत नाही, हे मात्र मला माहीत होतं.

संयुक्त महाराष्ट्र होऊन तीनचार वर्षं झाली होती. विदर्भ नवा नवा आपल्यात आलेला, त्याला वगळलं तर बरं दिसणार नाही, म्हणून दोन माणसं तिकडे धाडायची ठरली. एक मी, कारण रोगी माझ्याशी बोलतात. दुसरे नेने. नेने आमच्याकडे आकडेमोडीला होते. हा गृहस्थ जिना चढताना पायऱ्या मोजतो, उतरताना पुन्हा मोजतो, आणि दोन्ही आकडे जुळले की त्याला बरं वाटतं. त्यांनी बारा कार्डं करून घेतली होती. प्रत्येकावर एकेका विषयाचं चित्र. चालणारा माणूस, डोकं धरून बसलेला माणूस, विसराळू माणूस. हा शेवटचा डोक्यावर टोपी असताना टोपी शोधत होता. प्रत्येक रोग्याला दहा मतं द्यायची, ती त्यानं हव्या त्या कार्डांवर ठेवायची, आपण मोजायची, की झाली यादी. मतं म्हणून नेन्यांनी काचेच्या गोट्या घेतल्या होत्या.

यवतमाळ

गोट्या मूर्तिजापूरपर्यंतच पुरल्या. तिथे छोट्या गाडीत बदलताना पिशवी उसवली आणि फलाटभर मतं सांडली. एक हमाल डोक्यावर ट्रंक घेऊन त्यांवरून असा काही घसरला, की पहिलं मत आम्हाला जागेवरच मिळायचं. पण तो उठला, आम्हाला चार शब्द सुनावले आणि चालता झाला. नेने रुळांत वाकून गोट्या शोधत होते. मी त्यांना दंडाला धरून डब्यात घातलं.

यवतमाळला बापूराव न्यायला आले होते. बापूराव तिथले सॅनिटरी इन्स्पेक्टर. घराण्यात तीन पिढ्यांची नोकरी, त्यामुळे हातात कायम एक फाइल, जेवतानासुद्धा मांडीखाली. दिवाळी उलटून गेली होती. रस्त्यानं कापसाच्या गाड्यांची लांबच लांब रांग लागलेली, हवेत कापसाचे पुंजके तरंगत होते. घरी पोचून आरशात पाहिलं तर माझा अंबाडा पांढरा. मला वाटलं, प्रवासानंच केलं हे.

वाटेत एका जिनिंगच्या आवारात नेने एकदम थबकले. समोर सरकीचा डोंगर. कापूस रेचून रुई वेगळी केली की जे बी उरतं ती सरकी. सगळे दाणे सारख्या आकाराचे, वजनाला हलके, आणि अंगावर लव असल्यामुळे घरंगळत नाहीत. नेन्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. गोट्यांपेक्षा शंभर पटीनं बरी मतं. मॅनेजरनं अर्धं पोतं हसत हसत देऊन टाकलं. बापूरावांनी पोत्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी तेव्हा तोंड मिटलं नसतं तर हे प्रवासवर्णन निम्म्यातच संपलं असतं.

त्यांच्या घरी गोळाभात झाला. भातात डाळीचे गोळे, आणि वरून बापूरावांच्या मंडळींनी कढत तेलाची फोडणी अशी ओतली की चर्रर्र आवाज शेजारी गेला असेल. आमच्या पुण्यात तेल चमच्यानं विचारून वाढतात. मी "पुरे, पुरे" म्हणत होते आणि त्या "बरं" म्हणून ओतत होत्या. रात्री मला झोप छान लागली हे कबूल करते.

बाभुळगाव

दुसऱ्या दिवशी सरकारी जीपनं बाभुळगावला एका मास्तरांकडे गेलो. छपराची कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना ते खाली आले आणि डोक्यावर आपटले. आधी म्हणे फार करडे होते. घरात शब्द बोलायचे नाहीत, शाळेत छडी सोडायचे नाहीत. आता मनात येईल ते तोंडात, मधे दार नाही. आम्ही ओसरीवर बसतो न बसतो तोच मास्तर नेन्यांना म्हणाले की तुमची मिशी एका बाजूला लहान आहे. नेने इतकी वर्षं आरशात बघतात, मोजायचं हे एवढंच राहिलं होतं. मग मास्तरांनी बायकोच्या हातचा पोह्यांचा चिवडा खाल्ला आणि अशी तारीफ केली, की ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

मतं रोग्यालाच द्यायची असा नेन्यांचा नियम. मी म्हटलं, मास्तरांना रोज आंघोळ कोण घालतं, हरवले की गावभर कोण शोधतं? तिलाही दहा द्या. नेन्यांनी नियमाचा कागद काढला, मी तो घडी करून त्यांच्या खिशात परत ठेवला. मास्तरीणबाई बारा कार्डं पुन्हा पुन्हा बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "यात माह्यं नाई काही. हे बरे होऊन पह्यल्यासारखे होनार असतीन तं मले नोको. फक्त बाहेर गेले का घरी याचं ध्यानात राहावं."

असं कार्ड नव्हतं. नेने म्हणाले, बारातलंच निवडावं लागेल. बाईंनी दहाही दाणे टोपी शोधणाऱ्यावर ठेवले, तेही आमचं मन राखायला. मला ते बरं वाटलं नाही. जीपमध्ये मी नेन्यांशी बोलले नाही, पण त्यांना ते कळलंही नाही, कारण ते खिशातल्या आरशात मिशी बघत होते.

मारेगावकडचा तांडा

मारेगावपर्यंत एसटी, आणि पुढे दमणी. दमणी म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी. बैल एकच चांगला होता, त्याचं नाव कबऱ्या, अंगावर पांढरे काळे ठिपके आणि चेहऱ्यावर आमच्या मोठ्या डॉक्टरांसारखा भाव. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, मधूनमधून तुरी. वाटभर कबऱ्या मान वळवून मागे बघत होता. मला वाटलं, आम्ही परके म्हणून बघतोय. तो पोत्याकडे बघत होता.

तांडा बंजाऱ्यांचा. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर फिरायचे, आता शेती करतात. घरात त्यांची गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी. येणाऱ्याला म्हणतात, "आव, बेस." ये, बस. ओळख विचारायच्या आधी हे. आमच्याकडे आधी दारातूनच "कोण पाहिजे?" विचारतात, मग उत्तर पसंत पडलं तर बसायला सांगतात. तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, एक उंच म्हातारे, पांढरं पागोटं. त्यांनी आम्हाला गरम गळवाणी दिली, गुळाची. मी दोन वाट्या प्याले.

बापूरावांच्या फाइलीतल्या रोग्यांच्या यादीत या तांड्यातला एकच रोगी होता. भीमला, कापसानं भरलेल्या गाडीवरून पडून कंबर मोडलेला. पण नाईक म्हणाले की आमच्यात कोणी एकटा बोलत नाही. तांड्याला विचारायचं तर तांडा बसेल आणि तांडाच बोलेल. लगेच सगळे बाप्ये कडुनिंबाखाली जमले. नेन्यांना इतकी माणसं बघून भरतं आलं. त्यांनी सर्वांना दहा दहा दाणे वाटले. मंडळींनी बराच वेळ आपसांत बोलून घेतलं, मग नाईकांनी आपले दहा चालणाऱ्या माणसाच्या कार्डावर ठेवले आणि एकामागून एक सगळ्यांनी तिथेच ठेवले. मोठा ढीग झाला. नेने म्हणाले, इतका स्पष्ट निकाल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मोजायच्या आधी हात धुवायला म्हणून ते उठले.

परत येईपर्यंत कबऱ्यानं निकाल खाल्ला होता. ढीगही नाही, कार्डही नाही. चालणाऱ्याच्या कार्डाचा एक कोपरा तेवढा त्याच्या ओठातून बाहेर होता. तांडा हसून हसून लोळायला लागला. बापूराव शांतपणे म्हणाले, "सरकी ढोराचं खानंच हाये ना. मले वाटलं तुमाले माहीत असन. पुन्याचे लोकं, काही इचार करूनच घेतली असन म्हटलं."

नेने बैलासमोर मांडी घालून बसले. त्यांना तसंच सोडून मी भीमलाच्या झोपडीत गेले. कारण या सगळ्यात ज्याची कंबर मोडली होती त्याला कोणी एकही दाणा दिला नव्हता.

भीमला खाटेवर उताणा. चाळिशीचा, दंड अजून गाडीवानाचे. सवयीनं मी आधी त्याची पाठ पाहिली. सहा वर्षं पडून असलेला माणूस, आणि पाठीवर एक जखम नाही. आमच्याकडे महिन्याभरात पाठ सोलून निघते. मी त्याच्या बायकोला, जमनीला, विचारलं की हे कसं केलंस. ती म्हणाली, शेळी पिळायच्या आधी एका कुशीवर, पाणी आणल्यावर दुसऱ्या, भाकरी झाल्या की पुन्हा. सगळी कामं तिनं त्याला वळवण्याशी बांधून टाकली होती. मला माझ्या वीस वर्षांची लाज वाटली आणि मी ती तिला बोलूनही दाखवली. तिला वाटलं मी थट्टा करते.

"याला कधी बसवलं नाही का?" मी विचारलं.

"डागदरनं सांगतलं, उतानं निजून राह्य. आमी निजवलं."

"कधीपर्यंत?"

"थे तं थो बोलला नाई."

आणि परत कोणी विचारायला गेलं नाही, आणि परत कोणी सांगायला आलं नाही. सहा वर्षं. त्या डॉक्टरला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण म्हणता म्हणता मला आमच्या वॉर्डातला घरी सोडण्याचा छापील कागद आठवला. त्यावर लिहिलेलं असतं, सक्त झोपून राहणे. तारखेचा रकाना नाही. तो कागद रोग्याच्या हातात देते कोण, तर मीच.

मी भीमलाला उरलेली अकरा कार्डं दाखवली, चालणाऱ्याचं तोंडी सांगितलं. तो म्हणाला, "चालनं राहू द्या, बाई. मले बसता आलं पायजे. येनाऱ्या परतेकाले इथं आव, बेस म्हंतेत. मले सहा सालात कोनी म्हनलं नाई. निजेल मानसाले म्हनतीन तरी कायले?"

मग जमनीनं खरी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी कडुनिंबाखाली त्यांच्या मुलीचं, सकरीचं, लग्न ठरायचं होतं. भीमलाचा भाऊ हरसिंग यानं एका तांड्यातला मुलगा पाहिला होता. पाहुणे गूळ घेऊन येणार, नाईकांपुढे तो वाटला की बोलणं पक्कं. बापाच्या जागी हरसिंग बसणार. बापाला आणायचं नाही असा नियम नव्हता, कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि भीमलाला तो मुलगा साफ नको होता. गाडी हाकत होता तेव्हा भीमलानं त्या मुलाला पाहिलं होतं. "थो बैलाले लाता मारते," भीमला म्हणाला. यापुढे त्याला काही सांगायची गरज वाटली नाही.

मी पदर खोचला. पाठीखाली एक गोधडी, मग दोन, मग तीन. इतकी वर्षं आडवा माणूस एकदम उठवला तर डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून जरा उठवायचं, रंग उतरला की खाली, पुन्हा उठवायचं. नेन्यांना बैलासमोरून उठवून आणलं आणि मोजायला बसवलं. माणूस एकदम सुधारला. पहिल्यांदा भीमला अकरापर्यंत बसला, मग एकवीस, आणि दिवस मावळायच्या आत नेने तीनशेपर्यंत पोचले. भीमला घामानं निथळत होता आणि दारातून दिसणाऱ्या आपल्याच अंगणाकडे बघत होता. म्हणाला, कडुनिंब वाढला.

सकाळी नेने, बापूराव, जमनी आणि मी, चौघांनी खाट उचलून झाडाखाली आणली. पाठीला टेकू हवा होता, घट्ट पण बसेल तसा आकार घेणारा. माझ्या हाताशी एकच वस्तू होती. मी सरकीचं पोतं त्याच्यामागे उभं केलं, सुतळीनं खाटेला बांधलं आणि त्याला बसवलं. पाहुणे, हरसिंग, तो मुलगा, सगळे बघतच राहिले. मग नाईक म्हणाले, "आव, भीमला. बेस." जमनीनं ओढणी तोंडावर घेतली. मीही दुसरीकडे पाहिलं.

भीमला बोलायला लागला. सावकाश, गोरबोलीत. बापूराव माझ्या कानात वऱ्हाडी करून सांगत होते. आणि बोलता बोलता भीमला किंचित मागे कलला. मला वाटलं घेरी येतेय. मग आणखी कलला. मी मागे वाकून पाहिलं तर कबऱ्या. दोर तोडून आलेला, पोत्याच्या कोपऱ्याला दात लावलेले, सरकीची धार त्याच्या तोंडात. टेकू डोळ्यांदेखत आटत होता. मी खांदा लावला, नेन्यांनी माझ्या मागून खांदा लावला. भीमला तिरका होत होत बोलतच होता. तो म्हणाला, हा मुलगा बैलांना लाथा मारतो, माझी मुलगी मी याला देणार नाही. पाहुण्यांच्या बाजूनं एकच गलका झाला, मुलाचा बाप म्हणाला, खोटं आहे, आमचा पोरगा गाय आहे गाय.

तेवढ्यात त्या गाईची नजर कबऱ्यावर गेली. मुलगा उठला, खाटेमागे आला आणि त्यानं कबऱ्याच्या पोटात सणसणीत लाथ घातली. मग दुसरी.

"मारू नोको त्याले," भीमला जवळजवळ आडवा होऊन म्हणाला. "खाऊ दे."

ज्यांच्या आज्यापणज्यांनी बैलांबरोबर देश पालथा घातला, त्या सगळ्यांनी त्या दोन लाथा पाहिल्या होत्या. नाईकांनी चिलीम बाजूला ठेवली आणि एवढंच म्हणाले, "गूळ वापस घेऊन जा." कबऱ्या या अवधीत पोत्याच्या तळाशी पोचला होता.

निघताना मी नेन्यांना म्हटलं, भीमलाचं मत राहिलं. एक कोरं कार्ड घेऊन मी त्यावर बसलेला माणूस काढला. मला चित्र येत नाही, तो माणूस मडक्यासारखा झाला. नेने म्हणाले, तेरावं कार्ड नियमात नाही. मग स्वतःच ओणवे होऊन जमिनीवर सरकी शोधायला लागले. नऊ दाणे सापडले. दहावा माझ्या अंबाड्यात निघाला. भीमलानं दहाही मडक्यावर ठेवले.

पुणे

बैठकीत आठही डॉक्टर होते. मोठ्या डॉक्टरांनी मडक्याचं कार्ड उचलून विचारलं की या कार्डावर एकाच माणसाची मतं का, बाकीची कुठे आहेत. नेने उभे राहिले आणि म्हणाले, बैलानं खाल्ली. त्यानंतर थोडा वेळ बैठकीचं कामकाज होऊ शकलं नाही.

ते शांत झाल्यावर मी आमचा छापील कागद टेबलावर ठेवला. म्हटलं, माणसानं किती दिवस निजायचं आणि कधी बसायचं, हे आपल्याला माहीत नाही, आणि माहीत नाही हेही आपण कोणाला सांगत नाही. आधी यावर करा संशोधन. आणि मास्तरीणबाईंचंही सांगितलं, की रोगी घरी गेल्यावर त्याला सांभाळणाऱ्याला काय हवं ते कोणत्याच कार्डावर नाही. मोठे डॉक्टर कागद घेऊन उठले, वॉर्डात गेले आणि खाटेखाटेशी थांबून विचारत सुटले, बसायचंय का? तिसऱ्या खाटेवरचा कुलकर्णी चार महिने छताकडे बघून होता. तो म्हणाला, केव्हापासून वाट बघतोय, साहेब, कोणी विचारेल म्हणून. यादी त्या आठवड्यात गेली. पहिल्या ओळीत बसणं, दुसरीत घरी सांभाळणारी माणसं. चालणं तिसरं.

दोन महिन्यांनी बापूरावांचं पत्र आलं. सकरीचं लग्न भीमलाच्या पसंतीनं ठरलं होतं. कबऱ्या ठणठणीत होता. आणि नाईकांची एक तक्रार त्यांच्याच शब्दांत कळवली होती: "भीमला आता रोज खाटेसकट येऊन बसते. सहा सालाचं बोलनं शिलकीत हाये त्याच्या, कोनाले बोलूच देत नाई. पुन्याच्या डागदराले म्हना, याच्यावर काही विलाज शोधा."

मी ते पत्र मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग खणातून एक कोरं कार्ड काढून माझ्यापुढे सरकवलं.

"सिस्टर, चौदावं काढा."

"काय काढू?"

"तेच मडकं. फक्त तोंड उघडं ठेवा."